अधांतरीं सरकणारें फाटक

भातानें भरलेला ट्रक गिरणीच्या आवारांत वळावयाचा, तर कुंपणांत निदान सहा मीटरांची वाट हवी. एवढ्या रुंदीस बिजागरीचीं दारें लाविलीं, तर तीं स्वतःच्याच भारानें लोंबूं लागतात. जमिनीवर रूळ टाकावा, तर आपल्या भंडारा जिल्ह्याच्या पावसाळ्यांत त्याची खांच चिखलानें बुजून जाते. यावर जी युक्ति निघाली आहे, तिचें मर्म बैलगाडी हांकणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. ओझें मागें फार झालें कीं गाडी उलाळ होते, आणि मग कोणी तरी धुरेवर बसून ती दाबून धरतो!

हें फाटक वाटेच्या दीडपट, म्हणजे नऊ मीटर लांब करितात. वाढीव तीन मीटरांची शेपटी कुंपणाच्या आड राहते. तेथें तीन मीटरांच्या अंतरानें दोन पाये घालून त्यांवर चाकें बसवितात. तीं फाटकाच्या खालच्या पोकळ तुळईंत अडकलेलीं असतात. वाटेंत जमिनीस कांहींच टेकत नाहीं.

आतां आपण हिशेब करूं. फाटकाचें वजन ३०० किलो व तें सर्वत्र सारखें धरा. बंद असतां त्याचा मध्य पुढील चाकाच्या दीड मीटर पुढें येतो. ३०० ला दीडनें गुणून तिहींनीं भागिलें कीं १५० येतात. तेवढ्या जोरानें मागील चाकास शेपटी दाबून धरावी लागते, आणि पुढील चाकावर ४५० किलोंचा भार पडतो. फाटक पुरें उघडलें कीं मध्य मागील चाकाच्याही दीड मीटर मागें जातो व सारें उलटतें: ४५० मागल्यावर, दाबण्याचें काम पुढल्याकडे. म्हणून एकच पाया भक्कम करून भागत नाहीं. उन्हाळ्यांत भेगाळणाऱ्या काळ्या मातींत तर नाहींच नाहीं.

भंडारा रोड स्टेशनावरून पूर्वेस जाणारा लोहमार्ग जेथें संपतो, तेथील १९४३ सालीं खुला झालेला हावड्याचा पूल याच तत्त्वावर उभा आहे. दोन्ही तीरांवरून ४६८ फुटांचे हात पुढें आले आहेत, त्यांस ५६४ फुटांचा मधला भाग टांगला आहे, आणि नदींत एकही खांब नाहीं.

शेपटीच्या टोकास एक अडसर असतो. तो कोणीं काढून ठेविला, तर फाटक वीतभर अधिक ओढतांच शेपटी चाकावरून सुटते आणि सारा सांगाडा वाटेंत कोसळतो. मुलांस फाटकावर झोके घेण्याची हौस फार. टोक पलीकडच्या खांबाच्या खोबणींत बसण्यापूर्वीं तेथें ३० किलोंचें एक मूल लोंबलें, तर मागील चाकावरील ओढ १५० वरून २१० किलोंवर जाते.