बियांची देवघेव आणि अंगतपंगत

कांजूरमार्गच्या पूर्वेस ठाणे खाडीलगतची मिठागरे व तिवरांची झाडी आहे, तर पश्चिमेस पवईकडे चढत गेलेली वस्ती आहे. येथील चाळींत व इमारतींत कोकण, देश, खानदेश अशा निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. गावाहून येताना गाठोड्यात वालाचे किंवा दोडक्याचे बी आणण्याची चाल जुनी आहे. परंतु अंगणाअभावी ते डब्यातच राहते व काही वर्षांत त्याची उगवणशक्ती जाते. बियाबरोबर त्याचे नाव आणि रांधण्याची रीतही लोपते, ही हानी अधिक मोठी होय.

ती कशी भरून काढता येते, याचे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी आहे. तेथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. तथापि त्यांनी परिसरातील गावरान वाण मिळविले, परसात वाढविले व बायफ संस्थेच्या साहाय्याने घरीच बियाणे कोठी उभी केली. एकट्या वालाचेच कितीतरी प्रकार त्यांच्या संग्रही आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करावे, असा तेथील प्रघात आहे. कोठीतले बी अधूनमधून शेतात जाऊन आले तरच जिवंत राहते. म्हणून देणे हा जतनाचाच भाग ठरतो.

शाळेत हा पाठ जूनच्या उत्तरार्धात, मृगाचा पाऊस झाल्यावर घ्यावा. मुलाने घरून एक बी आणि त्याच पिकाचा एक पदार्थ आणावा, अशी योजना असावी. नुसता कडवा वाल हातावर ठेवल्याने मुलास काही उमगत नाही. पानात बिरडे आले आणि वाल भिजवून, मोड आणून, सोलावे का लागतात हे एखाद्या आजीने सांगितले, म्हणजे तेच बी बोलके होते. पदार्थ साधाच असावा. भाकरी आणि वाटीभर भाजी पुरे. मुंबईत समतानंद अनंत हरी गद्रे यांनी जातिभेद मोडण्यासाठी जी सहभोजने घडवून आणली, तीही झुणका-भाकरीचीच होती. कोणाचा डबा मोठा, कोणाचा लहान, ही तुलना पंगतीत शिरू देऊ नये. त्यासाठी सर्व पदार्थ एकत्र मांडून मगच वाढावेत.

बियांची मांडणी मात्र जेवणापासून दूर, वेगळ्या सतरंजीवर करावी. दुकानी बियाण्यास बुरशीनाशक वा कीटकनाशक लावलेले असते व त्याचा गुलाबी, हिरवा रंग मुलांना मोहवितो. असे बी मुळीच घेऊ नये. संकरित वाणाचे घरी धरलेले बीही टाळावे, कारण त्याची पुढील पिढी मूळ वाणासारखी उतरत नाही. काकडी व भोपळा यांच्या जाती कीटकांमुळे आपसांत मिसळतात. म्हणून आरंभ वाल, चवळी अशा बहुधा स्वपरागित पिकांनी करणे सोयीचे. प्रत्येक पुडीवर घरात रूढ असलेले नाव, गाव, बी धरल्याचे वर्ष आणि रांधण्याची रीत लिहावी. हे लेखन भाषेच्या तासास अगदी उपयोगी पडते. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. हा गणिताचा तास झाला. शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे, हेही वरच्या वर्गांस सांगावे. नाममुद्रेचे बियाणे विकण्यास मात्र त्यात मुभा नाही.

खाडीलगतची माती खारट असल्याने तेथे डबे किंवा कुंड्याच वापराव्यात. तळाला भोके पाडून वाल लावावा व वेल गॅलरीच्या गजांवर चढवावा. सर्वच शेंगा भाजीसाठी खुडू नयेत. निरोगी वेलावरील काही शेंगा वाळेपर्यंत राखून ठेवाव्यात. शाळेच्या बियाणे-वहीत ‘नेले’ या रकान्याशेजारी ‘परत आणले’ असा दुसरा रकाना आखावा आणि पुढील जूनमध्ये तो मुलांकडूनच भरून घ्यावा.