मालाचे ओझे, दुचाकीचे शॉकअप आणि खर्चाचा क्रम

पैठण तालुक्यातील कापडाचा छोटा धंदा बराचसा दुचाकीवर चालतो. बिडकीन, पाचोड, आडूळ, विहामांडवा या बाजूंना, किंवा गोदावरी ओलांडून शेवगावकडे, फेरीवाले बांधव पातळे, ड्रेस पीस आणि चादरींचा गठ्ठा मागे बांधून निघतात. काही महिन्यांत गाडी खड्ड्यात ठणकन वाजू लागते, वळणावर मागून झोलते, ब्रेक दाबला की पुढून डुबकी खाते. अशा वेळी त्यांना दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, गाडी बदला. दुसरा म्हणतो, भारी शॉकअप टाका. आमच्या मते दोन्ही सल्ले घाईचे आहेत. खर्चाचा योग्य क्रम पाळला तर पुष्कळसे काम फुकटात आणि उरलेले थोड्या पैशांत होते. तो क्रम प्रस्तुत लेखात सांगत आहोत.

कापडवाल्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. फेरीवाला पडला तर माल मळतो, उधारी थकते आणि एका घराची चूल थंडावते. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. तेव्हा हा विषय केवळ कंबरदुखीचा नाही.

शॉकअप काय काम करतो?

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात, स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का झेलते. परंतु एकटी स्प्रिंग चेंडूसारखी उसळत राहील. तिला आवरण्याचे काम तेल करते. आतील बारीक छिद्रांतून तेल ये-जा करते आणि उसळी शांत होते. पुढच्या दोन नळ्यांमध्ये तेलाने उसळी आवरण्याची ही रचना बीएमडब्ल्यू कंपनीने 1935 मध्ये आपल्या आर-12 गाडीत आणली. आजची शंभर सीसीची साधी मोटारसायकलही त्याच तत्त्वावर चालते.

ही विद्या आपल्यापासून दूर नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना 1985 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या देशातील मोठ्या कंपन्यांपैकी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही वाळूजलाच आहे.

पहिली पायरी : बिनपैशाची

प्रथम वजनाचा हिशेब करा. एक सुती पातळ साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. पन्नास पातळे म्हणजे पंचवीस ते सदतीस किलो. त्यात चादरी धरल्या की वजन झपाट्याने वाढते. शंभर सीसीच्या गाडीची एकूण वहनक्षमता, चालवणारा धरून, साधारण 130 ते 150 किलोच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. त्यापलीकडचे ओझे कोणताही शॉकअप सुरक्षित करू शकत नाही.

मग वजनाची जागा पाहा. गठ्ठा मागच्या दिव्याच्याही मागे लोंबत असेल तर पुढचे चाक हलके होते आणि हँडल जागेवर राहत नाही. जड ठाण खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ असावे. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची खुर्जी टाकावी आणि हलका माल वर बांधावा. मागच्या टायरमध्ये ओझ्यासाठी जास्त हवा लागते. तिचा आकडाही पुस्तिकेत असतो. हवा कमी असताना शॉकअपला दोष देणे व्यर्थ आहे.

दुसरी पायरी : मागच्या शॉकअपची कडी

बहुतेक साध्या गाड्यांच्या मागील शॉकअपवर खाचांची कडी असते. पुष्कळ गाड्यांत तिला पाच पायऱ्या असतात. ती हुक पान्याने फिरते. कडी चढवल्याने स्प्रिंग मूळची कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबली जाते, म्हणून ओझ्याखाली गाडी कमी बसते.

किती चढवावी, हे टेपने मोजा. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या आसापासून वर सरळ रेषेत सीटखाली खूण करा आणि अंतर मोजा. नंतर गाडी खाली घ्या, नेहमीचा माल बांधा, स्वतः बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. शॉकअपच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ती बसावी. म्हणजे चाल 90 मिलिमीटर असेल तर 30 मिलिमीटर. जास्त बसत असेल तर कडी एकेक खाच चढवा. मागून फार बसलेल्या गाडीचा दिवा आभाळाकडे पाहतो. रात्री रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

दोन्ही बाजूंची कडी एकाच खाचेवर हवी. मागावर ताणा एका बाजूने सैल राहिला तर कापड वाकडे निघते, हे पैठणीच्या गावात सांगावे लागू नये. माल विकून रिकामे परतताना कडी उतरवावी, नाहीतर गाडी उधळते.

तिसरी पायरी : शेकड्यांतील खर्च

पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर द्या आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर पुढचे तेल पातळ झाले आहे किंवा गळाले आहे. ते पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे आणि मापाचे तेल दोन्ही नळ्यांत सारखे भरून घ्यावे. काही मिस्त्री गाडी कडक व्हावी म्हणून फार घट्ट तेल भरतात. त्याने खराब रस्त्यावर चाक खड्ड्यांवरून उड्या मारते आणि पकड सुटते. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील बदला. ते तेल पुढच्या ब्रेकवर उतरणे धोक्याचे असते.

त्याच वेळी दोन तपासण्या करा. मागचे चाक उचलून आडवे हलवा. खडखडले तर चिमट्याचे बुश झिजले आहेत. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडकले तर कोनसेट खराब आहे. वळणावर गाडी झोलण्याचे कारण पुष्कळदा यांतच सापडते आणि शॉकअप विनाकारण बदलले जातात.

चौथी पायरी : नवी जोडी

वरील सर्व करूनही मागून गाडी डोलत असेल, शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसत असेल किंवा दांडा वाकला असेल तरच नवीन घ्या. जोडीच बदला, एकच नको. गाडीच्या मापाचीच, नावाजलेल्या कंपनीची आणि पक्क्या बिलाची घ्या. साध्या गाडीची जोडी साधारणतः दोन-तीन हजारांच्या आसपास बसते. गॅस भरलेली महाग जोडी ओझे वाढवून देत नाही. ती लांब पल्ल्यात तापूनही काम टिकवते, एवढाच तिचा मुख्य फायदा. ती उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आत मोठा दाब असतो.

लांब शॉकअप टाकून मागचा भाग उंच करणे किंवा चिमट्याला वेल्डिंग मारून बदल करणे टाळावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही. विम्याच्या दाव्याच्या वेळीही असा बदल आड येऊ शकतो.

धंद्यात आपण जुना माल मोजल्याशिवाय नवीन माल भरत नाही. गाडीलाही तोच नियम लावावा. आधी वजन व हवा, मग कडी, मग तेल, सील, बुश, आणि शेवटी नवे शॉकअप. हप्त्यांवर नवी गाडी घेण्यापूर्वी या चार पायऱ्या उतरून पाहाव्यात. वाचलेली रक्कम मालात घालावी, कारण फेरीवाल्याला कमाई माल देतो, हप्ता देत नाही.