पित्त म्हणून सोडून देऊ नकोस

मिरज

चि. बाळ,


ताई फोनवर सगळं बोलली. पावसाळ्यापासून तुला मळमळतंय, सकाळी कोरडे उमासे येतात, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यागत होतं. म्हसवडला दाखवलं, दहिवडीला दाखवलं, पित्ताच्या गोळ्या झाल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. आता आजी म्हणते बाहेरचं आहे, दाजी म्हणतात परीक्षेचं टेन्शन आहे, आणि तू कुणाला काही सांगेनाशीच झाली आहेस. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून फोनवर न बोलता लिहिते आहे. सावकाश वाच, ताईलाही वाचून दाखव.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तुला काही झालेलं नाही, असं कुणी म्हटलं तर ते ऐकून घेऊ नकोस. जेवढं तपासलं तेवढं ठीक आहे, इतकंच त्या कागदांवरून कळतं. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात, पण खाल्लेलं जठरातून पुढे सरकायला किती वेळ लागतो ते दिसत नाही. मळमळ पोटातून येते तशी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येते, अर्धशिशीतून येते, थायरॉइडमधून, मूत्रपिंडांतून, रक्तातल्या वाढलेल्या कॅल्शियममधून, रोजच्या एखाद्या गोळीतूनही येते. ह्यातलं तुझं कुठलं, ते मशीन आधी सांगत नाही. ते तुझ्या सांगण्यातून कळतं. इतकी वर्षं ओपीडीत उभी राहून मी एकच गोष्ट पक्की शिकले: ज्याला आपला त्रास नेमका सांगता येतो, त्याचं निदान लवकर होतं.

म्हणून आजपासून एक वही कर. ‘खूप मळमळतं’ एवढं लिहून उपयोग नाही. किती वाजता सुरू झालं, त्याआधी काय आणि कधी खाल्लं होतं, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं, ते लिही. उलटीत दुपारी खाल्लेलं रात्री तसंच पडलं, तर ते मुद्दाम लिही. जठर सावकाश रिकामं होत असल्याची ती खूण असू शकते. जेवणानंतर लगेच, मळमळ नसताना, अन्न आपसूक तोंडात परत येत असेल, गाय रवंथ करते तसं, तर ती उलटी नव्हे. तो वेगळा विकार आहे आणि त्याला औषधापेक्षा श्वासाचे व्यायाम उपयोगी पडतात. अंथरुणात कूस बदलताना गरगरतं का? डोकं दुखतं, उजेड नकोसा होतो का? पाळीच्या आधी वाढतं का? आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करून लिही.

शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विनला असाच त्रास होता. 1836 मध्ये बोटीच्या सफरीहून परतल्यानंतर उरलेलं बहुतेक आयुष्य मळमळ आणि उलट्यांनी त्याला छळलं. 1849 पासून काही वर्षं त्यानेही रोजच्या तब्येतीची वही ठेवली. त्याला नेमकं काय झालं होतं, यावर डॉक्टर अजून वाद घालतात, आणि त्यात त्या वहीचा आधार घेतात. तो गेला 1882 मध्ये. तेव्हा ना पोटात घालून बघायची आजची दुर्बीण होती ना रक्ताच्या आजच्या तपासण्या. तुझ्याकडे दोन्ही आहे.

आता अवघड गोष्ट. लग्न न झालेल्या मुलीला उलट्या होतात म्हटलं की गल्लीत काय कुजबुज होते, ते मी जाणते. तू कॉलेजला जाणं कमी केलंस ते त्यामुळेच ना? डॉक्टर तुला पाळीविषयी विचारतील, लघवीची गरोदरपणाची तपासणीही सांगतील. तो तुझ्यावरचा आरोप नाही. ह्या वयाच्या प्रत्येक बाईची ती पहिली तपासणी असते, कारण पुढचे एक्स-रे आणि औषधं त्यावर ठरतात. तू मान वर करून ती करून घे. आणि आत गेल्यावर ताईला पाच मिनिटं बाहेर बसू दे. ताई, तू हे वाचत असशील तर राग मानू नकोस. आईसमोर पोरी अर्धंच बोलतात.

त्या पाच मिनिटांत जे घरात सांगता येत नाही ते सांग. मिश्री लावत असशील तर सांग; तंबाखूतल्या निकोटीननेही मळमळतं, आणि आपल्याकडे कितीतरी पोरी आजीच्या डबीतून ती सवय उचलतात. पाळीत पोट दुखतं म्हणून घेतलेल्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, जाड होऊ नये म्हणून उपाशी राहणं, कुणाचा जाच असेल तर तोही, सगळं सांग. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

गोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. सकाळी पित्ताची गोळी आणि तिच्यात मिसळलेलं उलटीचं औषध, हे महिनोन्महिने दुकानातून आणून खाणं बंद झालं पाहिजे. उलटी थांबवणाऱ्या काही औषधांनी हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, काहींनी मान-जबडा वाकडा होतो. ती ठरावीक दिवसांचीच असतात. शिवाय जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची, तर पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे बंद असाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट नाही म्हणून येतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून तू चपाती सोडलीस म्हणे. ती परत सुरू कर. गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलिॲक नावाचा आजार आहे, त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते.

एक पेशंट मला विसरता येत नाही. जतकडचा तरुण मुलगा, कित्येक महिने मळमळ, वजन उतरलेलं, उठलं की चक्कर. उन्हात राबणारा, म्हणून काळवंडला आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. आमच्या डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं: हिरड्या काळ्या, तळहाताच्या रेषा काळ्या. ऊन काही हिरड्यांपर्यंत पोचत नाही. मग विचारल्यावर म्हणाला, मीठ नुसतं खावंसं वाटतं. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसोल अगदी कमी निघालं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या होत्या. लंडनच्या थॉमस ॲडिसनने 1855 मध्ये वर्णन केलेला हा आजार, आणि आपल्या देशात त्याच्या मागे पुष्कळदा जुना क्षय असतो. गोळ्या सुरू झाल्यावर पोरगा भाकरी मागून खाऊ लागला. तुला हेच आहे असं मी म्हणत नाही, हा आजार दुर्मीळ आहे. पण त्या मुलाला बघणारे डॉक्टर दोन मिनिटं जास्त थांबले, म्हणून तो वाचला. असा एक डॉक्टर धर आणि त्याला सोडू नकोस. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठलास तर प्रत्येक जण पहिल्या गोळीपासूनच सुरुवात करणार.

दुर्बीण झाली, रक्त झालं, जठर रिकामं होण्याची तपासणी झाली, आणि तरीही काही सापडलं नाही, तर? तेव्हाही त्याला निदान असतं. 2016 मध्ये जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत दीर्घकाळच्या मळमळीचा वेगळा आजार नोंदलेला आहे: निदान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली, गेले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी कामात अडथळा आणणारी मळमळ, आणि तपासणीत दुसरं कारण नाही. त्यावर कधी कधी उदासीनतेच्या गोळ्या अगदी थोड्या मात्रेत देतात, कारण पोटाच्या आणि मेंदूच्या नसा एकमेकींशी सतत बोलत असतात. दुकानदार ती चिठ्ठी बघून काही बोलला तर घाबरू नकोस. पोटाचं आणि मनाचं हे नातं जुनंच आहे. अमेरिकेत 1822 मध्ये एका माणसाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागून जठराला कायमचं भोक राहिलं होतं. विल्यम बोमाँट नावाच्या डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षं आत पाहिलं. तो माणूस संतापला की जठराचं अस्तर आणि पाचकरस बदलायचे, हे त्याने डोळ्यांनी बघून लिहिलं. तेव्हा दाजींना सांग, टेन्शनमुळे असलं तरी दुखणं खोटं ठरत नाही, आणि ‘मनावर घेऊ नको’ म्हणून ते जात नाही.

ताईने म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस केला आहे, तो जरूर फेडू. मार्गशीर्षात त्याच्या रथाला मीही येईन. अंगारा कपाळाला लाव. पण देवऋष्याने पोटात घ्यायला दिलेली पुडी घेऊ नकोस. अशा पुडीत शिसं असलेलं भस्म असू शकतं; त्याने विषबाधा होते आणि तिची लक्षणं म्हणजे पोटदुखी, मळमळ, शौचाला न होणं. आधी घेतली असशील तर पुडी घेऊन ये, डॉक्टरांना दाखवू.

उलटीत रक्त किंवा काळपट चोथा दिसला, शी काळी चिकट झाली, घास अडकायला लागला, डोकेदुखीबरोबर सकाळी उलटी होऊन दोन-दोन दिसू लागलं, पाणीही टिकेना आणि लघवी कमी झाली, तर माझ्या निरोपाची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचं हॉस्पिटल गाठा. सरकारी ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत 2023 च्या 15 ऑगस्टपासून तपासणी, उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशासाठी अडून राहू नका.

नाहीतर येत्या सोमवारी इकडे या. 1894 मध्ये वॉन्लेस साहेबांनी इथे मिशन हॉस्पिटल काढल्यापासून माण, आटपाडी, जतची माणसं मिरजेला येतच आली आहेत, तुम्हाला नवखं वाटणार नाही. एसटीत पुढच्या सीटवर बस आणि थोडं खाऊन निघ. दुर्बीण त्या दिवशी करणार नाहीत, आणि करायची ठरली तर आदल्या रात्रीपासून उपाशी राहायला मी सांगेनच. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून आण, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा टाकू नकोस. वही मात्र तू स्वतः लिही, ताईकडून लिहून घेऊ नकोस.

तुझी
मावशी