चित्र आणि त्याखालचा मथळा

ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून रेल्वे स्थानक पायी जाण्याइतके जवळ आहे. त्या भागातील एका शाळेच्या मुलांनी आगगाडीवर भित्तिपत्रक काढण्याचे ठरविले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली गाडी ठाण्यासच येऊन थांबली होती. तेव्हा विषय घरचाच होता. एका विद्यार्थिनीने त्यासाठी एक सुरेख चित्र आणले. ठाण्याच्या खाडीवरील कमानींचा लांबलचक पूल आणि त्यावरून धूर सोडीत जाणारी गाडी! खाली मथळा होता, 'मुंबई ते ठाणे : भारतातील पहिली आगगाडी, १८५३.' असे चित्र याच मथळ्यासह अनेक ठिकाणी छापलेले आढळते. मुलांनी ते भित्तिपत्रकाच्या मध्यभागी लावले.

गुरुजींनी एवढेच विचारले, "मुंबईहून ठाण्यास येताना हा पूल कोठे लागतो?"

वर्ग स्तब्ध झाला. तो पूल लागतो ठाणे सोडून कल्याणकडे जाताना.

मुलगी हिरमुसली. "पण गुरुजी, दहा ठिकाणी असेच छापले आहे!" गुरुजी म्हणाले, "एकाचे पाहून नऊ जणांनी लिहिले असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच."

ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मुलगी तेथे गेली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरवरून उलगडा झाला. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजी, म्हणजे पहिल्या गाडीनंतर वर्षाने. चित्र बनावट नव्हते. मथळा चुकीचा होता.

मात्र गॅझेटियरमध्ये सर्वच प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. मार्ग केव्हा खुला झाला, हे त्यास विचारावे. त्या काळची मुंबई कशी होती, हे गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथास विचारावे. माडगांवकर त्या शहरात वावरलेले होते. अर्थात ग्रंथ दहा वर्षांनंतरचा, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मथळ्यातील 'पहिली' हा शब्दही तपासून पाहावा लागला. रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ सालीच वाफेच्या इंजिनाने माती वाहिली होती. म्हणून मुलांनी 'पहिली प्रवासी आगगाडी' असे लिहिले.

चित्र फेकले गेले नाही. 'ठाणे-कल्याण मार्गावरील खाडीपूल' असा मथळा घेऊन ते खालच्या कोपऱ्यात गेले. मध्यभागी मुलीने बोरीबंदर ते ठाणे मार्गाचा स्वतः काढलेला नकाशा लावला. तो चित्राइतका देखणा नव्हता.