संवेदीकरण : एक शब्द, तीन क्षेत्रे

प्रस्तावना

‘पोलीस कर्मचाऱ्यांसाठी संवेदीकरण कार्यशाळा’ असा मथळा वर्तमानपत्रात आपल्या दृष्टीस पडतो. ‘खोट्या दागिन्यांतील निकेलमुळे त्वचेचे संवेदीकरण झाले आहे,’ असे त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाला सांगतात. शब्द एकच आहे; परंतु पहिल्या वाक्यात तो इष्ट गोष्ट दर्शवितो, तर दुसऱ्या वाक्यात विकार. अशा वेळी संदर्भ पाहूनच अर्थ निश्चित करावा लागतो. आरोग्य, विज्ञान आणि सार्वजनिक जीवन या तीन क्षेत्रांत या शब्दाला कोणते अर्थ प्राप्त झाले आहेत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• ‘संवेदीकरण’ या शब्दाचे क्षेत्रानुसार बदलणारे अर्थ सांगू शकाल;
• त्या अर्थांमधील समान सूत्र ओळखू शकाल;
• समाजाच्या संवेदीकरणाची आवश्यकता उदाहरणासह स्पष्ट करू शकाल.

१. शरीराची स्मृती

एखाद्या पदार्थाशी संपर्क आल्यानंतर शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते. लस याच गुणामुळे उपयोगी पडते. मात्र हीच स्मृती कधी कधी अपायकारक ठरते. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांना १९०२ च्या सुमारास याचा प्रत्यय आला. समुद्रपुष्प या सागरी प्राण्याचे विष अल्प प्रमाणात टोचल्यास कुत्र्यांना संरक्षण मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पहिल्या मात्रेनंतर एक कुत्रा सावरला. परंतु काही आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा देताच तो अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. पहिल्या संपर्काने शरीर सुरक्षित होण्याऐवजी अतिसंवेदी झाले होते. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला.

आपल्या परिसरातील उदाहरण गाजर गवताचे आहे. १९५० च्या दशकात पुणे परिसरात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. या गवतातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याशी पहिल्यांदा संपर्क आल्यावर बहुधा काहीच जाणवत नाही. मात्र वारंवार निंदणी करणाऱ्या काही शेतमजुरांच्या शरीरात त्याची ओळख पक्की होते. त्यानंतर अल्पशा स्पर्शानेही चेहरा, मान व हात यांवर खाज सुटून पुरळ उठते. म्हणूनच ‘आजवर काही झाले नाही’ एवढ्यावरून पुढेही काही होणार नाही, असे मानता येत नाही. हे गवत उपटताना हातमोजे वापरणे आणि अंग झाकणे हिताचे असते.

२. प्रकाश आणि मज्जातंतू

विज्ञानाच्या इतर शाखांत या शब्दाला विकाराची छटा नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्राच्या काचा प्रामुख्याने निळा व जांभळा प्रकाशच टिपत असत. त्यामुळे पिवळे फूल आणि तांबडे वस्त्र छायाचित्रात काळपट दिसे. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी दाखवून दिले की, काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास ती हिरवा प्रकाशही टिपू लागते. येथे संवेदीकरण म्हणजे पूर्वी न दिसणारे दिसू लागण्याची क्षमता होय.

मज्जाविज्ञानात एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईचा अभ्यास केला. हलका स्पर्श वारंवार केल्यास ती त्याला सरावते आणि तिचा प्रतिसाद मंदावतो. परंतु शेपटीला विजेचा धक्का दिल्यानंतर तोच हलका स्पर्श झाला, तरी ती आपले कल्ले झटकन आत ओढून घेते. सरावणे आणि संवेदी होणे या परस्परविरुद्ध प्रक्रिया आहेत. या प्रकारच्या संशोधनाबद्दल कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

३. समाजाचे संवेदीकरण

समाजही सरावतो. रोज दिसणारा अन्याय काही काळाने दिसेनासा होतो. सार्वजनिक जीवनातील संवेदीकरणाचा रोख या सरावलेपणाविरुद्ध असतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी अशा कार्यशाळा घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे.

कुष्ठरोगाच्या उदाहरणात शरीर आणि समाज यांचे नाते अधिक स्पष्ट होते. या रोगात त्वचेवर चट्टा उमटतो आणि त्या जागेची संवेदना हरपते. चटका बसला, काटा रुतला, तरी कळत नाही; जखमा वाढतात आणि विकृती येते. रोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. हा उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. तरीही बहिष्काराच्या भीतीने अनेक जण चट्टा लपवितात. उपचाराला विलंब होतो आणि टाळता आली असती अशी विकृती येते. म्हणजेच रुग्णाचे नुकसान जंतू करतो, तसेच समाजाचे बधिर मनही करते.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असण्याची तरतूद अनेक वैयक्तिक कायद्यांत होती. ती २०१९ साली रद्द झाली. कायदा बदलला, तरी शेजाऱ्याची नजर आपोआप बदलत नाही. वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात १९४० च्या सुमारास महात्मा गांधी कुष्ठरोगी असलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करीत. भाषणापेक्षा त्या कृतीचा परिणाम अधिक होता. गांधीजींच्या स्मृतिदिनी, ३० जानेवारीला, सुरू होणाऱ्या शासकीय कुष्ठरोग जागृती अभियानाचे ‘स्पर्श’ हे नाव म्हणूनच सार्थ वाटते.

आपण काय शिकलात

पूर्वीच्या संपर्कामुळे किंवा संस्कारामुळे प्रतिसाद बदलणे, हे तिन्ही अर्थांतील समान सूत्र आहे. शरीराचा प्रतिसाद प्रमाणाबाहेर वाढला, तर तो वैद्यकीय सल्ल्याने आवरावा लागतो. समाजाचा प्रतिसाद मंदावला, तर तो जागा करावा लागतो.

शब्दार्थ

प्रत्यय – अनुभव. सरावणे – सवयीमुळे जाणीव कमी होणे. बधिर – संवेदना नसलेला. शुश्रूषा – सेवा. सार्थ – अर्थपूर्ण.

स्वाध्याय

१. रिशे यांची अपेक्षा कोणती होती आणि प्रत्यक्षात काय घडले?
२. ‘सरावणे’ व ‘संवेदी होणे’ यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
३. ‘शरीराची बधिरता आणि समाजाची बधिरता’ या विषयावर पाठाच्या आधारे दहा ओळी लिहा.
४. ‘संवेदनशील त्वचा’, ‘संवेदनशील मतदान केंद्र’, ‘संवेदनशील लेखक’ या शब्दप्रयोगांतील अर्थभेद सांगा.
५. आपल्या परिसरात लोक सरावले आहेत अशी एखादी अन्याय्य गोष्ट निवडा. ती लोकांना जाणवावी यासाठी कोणती कृती करता येईल, ते लिहा.