रश्शातला तापमापक

अंडे उकडायचे तर पाणी लागते, तळायचे तर तेल. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया, लिबिया, अल्जेरिया या देशांत मात्र अंडी टोमॅटोच्या मसालेदार रश्शात शिजवितात. या पदार्थाचे नाव शकशुका. कांदा, लसूण व ढोबळी मिरची ऑलिव्हच्या तेलात परतायची, जिरे आणि लाल तिखट घालायचे, चिरलेले टोमॅटो शिजवून दाट रस्सा करायचा. मग पळीने खळगे पाडून एकेका खळग्यात एकेक अंडे फोडून सोडायचे आणि वर झाकण ठेवायचे. थोड्याच मिनिटांत न्याहारी तयार होते. ती पावाबरोबर खातात. मुंबईच्या पारशी घरांतही टोमॅटोवर अंडी फोडून असाच एक पदार्थ करतात; त्याला ते ‘टामेटा पर ईडुं’ म्हणतात.

कृती सोपी दिसते, पण करणाऱ्याची एक अडचण ठरलेली असते. अंड्याचा वरचा पांढरा भाग कच्चा, चिकट राहतो. तो शिजेपर्यंत थांबावे, तर रस्सा खाली करपतो आणि पिवळा बलक कोरडा होतो. असे का व्हावे?

दोन बलक, दोन तापमाने

पांढऱ्या बलकात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते आणि सुमारे एक दशांश प्रथिने. प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. उष्णता मिळाली की गुंड्या उलगडतात, एकमेकींत अडकतात आणि त्यांचे जाळे तयार होते. जाळ्यात पाणी कोंडले जाते, म्हणून द्रव घट्ट होतो. जाळ्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून पारदर्शक बलक पांढराशुभ्र दिसतो. या क्रियेला साकळणे म्हणतात.

पण सर्व प्रथिने एकाच तापमानाला साकळत नाहीत. पांढरा बलक ६२ अंश सेल्सिअसच्या सुमारास घट्ट होऊ लागतो. मात्र त्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन ओव्हाल्ब्युमिन हे असते, आणि ते साकळायला ८० अंशांच्या आसपास तापमान लागते. पिवळा बलक ६५ अंशांना दाटू लागतो व ७० अंशांना घट्ट होतो. म्हणजे पांढरा भाग नीट शिजायला पिवळ्यापेक्षा जास्त तापमान हवे! तरीही दोन्ही साधतात, कारण उष्णता बाहेरून आत जाते. पांढरा बलक आधी तापतो. मध्यभागी असलेल्या पिवळ्यापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते. हा उशीर हेच या पाककृतीचे मर्म आहे.

खालून रस्सा, वरून वाफ

पाणी तापविले की खालचे गरम पाणी वर येते व वरचे थंड पाणी खाली जाते. हे अभिसरण होय. दाट रश्शात अभिसरण फार मंदावते. खालचा थर तिथेच राहून तापत जातो आणि करपतो. म्हणून आच मंद ठेवावी लागते. मग रस्सा पातळच का ठेवू नये? कारण पातळ रश्शात खळगा टिकत नाही आणि पांढरा बलक पसरून जातो.

अंड्याच्या वरच्या बाजूला रस्सा नसतो, तिथे झाकण कामाला येते. १०० अंशांचे १ ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत निवताना २० कॅलरी उष्णता देते. परंतु १०० अंशांच्या १ ग्रॅम वाफेचे त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. ही वाफेची अप्रकट उष्णता. झाकणाखाली कोंडलेली वाफ थंड अंड्यावर जमते आणि ही सारी उष्णता अंड्याला देते. झाकण नसेल तर तीच वाफ स्वयंपाकघरात निघून जाते व अंडे वरून कच्चे राहते.

आंबटपणाचे काम

ताज्या अंड्यातील पांढऱ्या बलकाचा सामू ७.६च्या आसपास असतो. अंडे जुने होताना कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू ९च्या वर चढतो. अशा स्थितीत बहुतेक प्रथिनांच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. टोमॅटोचा सामू ४.५च्या जवळपास असतो, आणि ओव्हाल्ब्युमिनवरील एकूण प्रभार नेमका याच सुमारास शून्य होतो. लोटणे थांबले की रेणू चटकन एकत्र येतात. म्हणून रश्शाला टेकलेली अंड्याची कड लवकर धरते आणि अंडे फारसे पसरत नाही.

मऊ की घट्ट?

पुष्कळांना पिवळा बलक पातळ आवडतो. परंतु अंड्यात साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात, आणि अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत तापवावेत अशी शिफारस आहे. तापमापक नसला तरी अंडेच तापमान सांगते. बलक वाहता असेल, तर तो ६५ अंशांच्या फारसा वर गेलेला नाही. तो घट्ट झाला असेल, तर ७० अंशांच्या आसपास पोहोचला आहे. म्हणून लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व आजारी माणसे यांच्यासाठी बलक पुरता घट्ट होऊ द्यावा.

करून पाहा

(मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली)

१. दोन भांड्यांत दोन-दोन कप पाणी उकळीच्या जरा खाली तापवा. एकात दोन चमचे व्हिनेगर घाला. दोन्हींत एकेक चमचा पांढरा बलक सोडा. कुठे तो लवकर एकत्र येतो व कुठे धाग्यांसारखा पसरतो, ते लिहून ठेवा.

२. सारख्याच दोन पातेल्यांत सारखाच रस्सा घेऊन एकेक अंडे सोडा. आच सारखी ठेवा. झाकण एकावरच घाला. वरचा पांढरा भाग अपारदर्शक व्हायला किती मिनिटे लागली, ते घड्याळात पाहा.

दोन्ही प्रयोगांसाठी स्टीलची भांडी घ्या. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नयेत, कारण आम्लामुळे धातू अन्नात उतरतो.

आता एक प्रश्न : डोंगरावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. २००० मीटर उंचीवर ते सुमारे ९३ अंशांना उकळते. तिथे शकशुका शिजेल का? शिजेल, तर वेळ कमी लागेल की जास्त? वर दिलेली तापमाने पुन्हा पाहा आणि उत्तर कारणांसह वर्गात मांडा.