सहलीला जाऊन काय बघावे?



मागील सभासद प्रशिक्षण वर्गात पाहुणे वक्ते दीड तास बोलले. विषय होता प्रवास, धंद्यातील यश आणि थोरांचे आदर्श. भाषण झकास झाले, टाळ्याही भरपूर पडल्या. आणंदच्या दूध संघाचे आणि डॉ. वर्गीस कुरियन यांचे नाव त्यांनी बऱ्याच वेळा घेतले. चहाच्या वेळी एका सभासदाने आम्हाला गाठले. म्हणाले, "सगळं खरं, पण तिथं नेमकं केलं काय, ते राहिलंच की." आजचा पाठ त्या प्रश्नासाठी.

१९४५ च्या सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला जाऊ लागले. आणंद तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, आणि कारभार मुंबई सरकारचा. दूध गोळा करण्याचे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे. मुंबईचे गिऱ्हाईक पैसे पुरेसे मोजी, पण गोठ्यापर्यंत त्यातले थोडेच पोचत. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांनी मोरारजी देसाईंना पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा भरली आणि ठरले की गावोगाव संस्था काढायच्या, त्यांचा एक संघ करायचा, आणि सरकारने दूध संघाकडूनच घ्यायचे. सरकारने ऐकले नाही. मग पंधरा दिवस मुंबईला दूध गेले नाही. विचार करा, म्हैस काही संप करीत नाही. धार रोज दोन वेळा काढावीच लागते आणि काढलेले दूध टिकत नाही. तो तोटा त्या लोकांनी सोसला. अखेर सरकार नमले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी संघ नोंदला गेला.

अध्यक्ष झाले त्रिभुवनदास पटेल. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला माणूस, गावोगाव फिरून लोकांना समजावीत असे. दूध घेणे १९४८ साली सुरू झाले तेव्हा संस्था दोन आणि दूध दिवसाला जेमतेम अडीचशे लिटर.

कुरियन पुढच्या वर्षी, १९४९ च्या मे महिन्यात आले, आणि तेही नाखुषीने. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्याने नोकरीचे बंधन होते, म्हणून आणंदच्या सरकारी क्रीमरीत नेमणूक. गाव आवडेना, काम नाही. बंधन सुटल्यावर ते निघालेच होते; जुनी यंत्रे चालती करायला थोडे दिवस थांबा, अशी गळ त्रिभुवनदासांनी घातली. ते थोडे दिवस जन्मभर पुरले. आपण स्वतः दूध पीत नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे! म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी जाणकार म्हणत, ती करून दाखविली त्यांचे सहकारी दलाया यांनी. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वक्त्यांच्या भाषणात दलायांचे नाव आले नाही, ते आम्हाला खटकले.

पण आणंदची खरी किल्ली गावच्या संकलन केंद्रावर आहे. सकाळ-संध्याकाळ रांग लागते. प्रत्येकाचे दूध वेगळे मोजतात, प्रत्येकाची फॅट वेगळी काढतात, आणि फॅटप्रमाणे दाम. पूर्वी सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात पडत. आता यंत्रावर आकडा लगेच दिसतो आणि पैसे खात्यात जमा होतात. पाणी घातले की ज्याचे त्याला कळते, ज्याचे त्याला भोवते.

आता आपल्या गव्हाणीकडे या. आपल्या काट्यावर वजन प्रत्येक गाडीचे होते, पण साखर प्रत्येक गाडीची मोजली जात नाही. एफआरपी ठरते ती साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकाने पक्व, स्वच्छ, ताजा ऊस घातला, दुसऱ्याने वाढे-पाचटासह किंवा तीन दिवस फडात पडलेला घातला. भाव दोघांना एकच. म्हणजे पहिल्याच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि ते दोघांनाही दिसत नाही. हिशेब करून बघा: उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला तर टनामागे एक किलो साखर गेली. गाळप पाच लाख टन धरले, तर पाच हजार क्विंटल.

यात दोष सभासदांचाच असे आम्ही म्हणत नाही. तोड झाली आणि वाहन आले नाही, म्हणून कित्येकांचा ऊस बांधावर वाळतो. त्याचा जाब तुम्ही आम्हाला, शेतकी विभागाला विचारला पाहिजे. तोडीची आणि काट्याची वेळ दोन्ही आपल्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे विचारताना आकडा हाताशी राहील.

पुढच्या सहलीची नावे गट कार्यालयात घेणे चालू आहे. आणंदला गेल्यावर व्यवस्थापकांचे भाषण जरूर ऐका, पण रांगेतल्या बाईला विचारा की फॅट कमी लागली तर ती तक्रार कुणाकडे करते. मागच्या सहलीत आपली बस साडेनऊला पोचली, तोवर संकलन कधीच आटोपले होते. फाटकापुढे फोटो काढून आपण परत फिरलो. या खेपेस मुक्काम आदल्या रात्रीच आणंदला ठेवला आहे आणि पहाटे पाचला सगळ्यांना उठविले जाईल.